जबाबात नसलेलं

वीरभद्रप्पाची केस मांडायची म्हणून चैत्रा अंगडी त्या शुक्रवारी जरा खुशीतच होती. धारवाडच्या समुपदेशन केंद्रात रुजू होऊन तिला वर्षही झालं नव्हतं. नव्यांनी आपापल्या केसेस दर आठवड्याला ललिता मॅडमसमोर मांडायच्या, असा तिथला रिवाज होता. मॅडमची या कामात हयात गेली होती. त्या फारसं कौतुक करत नसत, पण आज करतील असं चैत्राला वाटत होतं.

वीरभद्रप्पा लाइनमन. खांबावर चढलेला त्याचा जोडीदार हुसेनसाब, बंद लाइन अचानक चालू झाल्यामुळे, त्याच्या डोळ्यांदेखत गेला. चूक सबस्टेशनातली, असं चौकशीत ठरलं. वीरभद्रप्पावर काही ठपका आला नाही. पण त्याची झोप गेली, घरातलं बोलणं आटलं, आणि एके दिवशी तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसलेला सापडला, तेव्हा त्याची बायको पार्वतव्वा त्याला केंद्रात घेऊन आली.

"आता ते त्या दिवसाबद्दल न अडखळता बोलतात, मॅडम. दर बुधवारी सगळं सांगतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

ललिता मॅडमनी जांभई देत तोंडावर हात धरला. "थांब गं जरा. मला झोप येतेय."

चैत्राचा चेहरा पडला. "जेवण जड झालं असेल."

"चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लंय नुसतं. आणि मघाची केस ऐकताना मी चांगली जागी होते." त्या चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिल्या. "तो बोलतो तेव्हा तुला येते का झोप?"

गेल्या बुधवारी टेबलाखाली चैत्रानं तळहाताला नख टोचून धरलं होतं. हे कुणाला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"येते," ती म्हणाली. "माझंच चुकतंय ना?"

"ते राहू दे बाजूला. माणूस मरणाबद्दल सांगतोय आणि ऐकणाऱ्या दोघी पेंगतायत. कसा सांगतो तो? त्याच्याच शब्दांत सांग बघू."

चैत्रा सांगू लागली. सगळं तोंडपाठ होतं. "'सदर दिवशी लाइन बंद असल्याची खात्री करून आम्ही कामास सुरुवात केली...'" आणि ती आपणहून थांबली.

"सदर," मॅडम म्हणाल्या. "बायकोशी भांडतानाही सदर म्हणतो का तो?"

चैत्राला हसू आलं, आणि लगेच विरलं. युनियनच्या वकिलानं चौकशीसाठी घोकून घेतलेला तो जबाब होता. त्यात हुसेनसाब कुठेच नव्हता. हे तिनं सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग जबाबात जे नाही, ते विचार त्याला."

बुधवारी तिनं विचारलं, "काका, हे जबाबातलं झालं. त्यात नव्हतं, असं काही राहिलंय का?"

वीरभद्रप्पा खुर्चीच्या कडेला सरकला. "ते कुणी विचारलंच नाही," एवढं बोलून उठला आणि निघून गेला. पुढच्या बुधवारी आलाच नाही. फोन नुसता वाजत राहिला.

चैत्राच्या डोळ्यांसमोर विहीर आली. ती तशीच मॅडमच्या खोलीत गेली. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी विचारलं. आता त्यांचं काही बरंवाईट झालं तर?"

"पार्वतव्वाला फोन लाव. आधी ते," मॅडम म्हणाल्या.

पार्वतव्वा शांत होती. "अण्णिगेरीला गेलेत, हुसेनसाबच्या घरी. सोबत माझा भाऊ दिलाय. फोन इथंच विसरलेत. तुम्ही म्हणाला होतात ना, एकटं सोडू नका म्हणून?"

फोन ठेवल्यावर चैत्राला रडू फुटलं. मॅडमनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "तू चिडलीस ते बरोबरच होतं. जखम उघडायला सांगितली मी, पण तो उठून गेला तर काय करायचं, हे तुझ्याबरोबर ठरवलं नाही. घाई झाली माझी."

मॅडमकडून असलं काही ऐकू येईल, असं चैत्राला वाटलं नव्हतं. "ही केस दुसऱ्या कुणाला द्याल का?"

"घाबरलीस म्हणून? घाबरले तर मीही होते."

वीरभद्रप्पा पुढच्या खेपेला आला. या वेळी त्याची वाक्यं मध्येच तुटत होती.

"शमीमबीनं चहा दिला. हुसेनची बायको. मला... मला काही बोलताच येईना. मग तिनंच विचारलं. अण्णा, शेवटी काही म्हणाले का ते?" त्यानं पालथ्या हातानं तोंड पुसलं. "त्यानं मला हाक मारली होती, ताई. वरून. दोनदा. मी मान वर केली नाही. चपलांकडं बघत उभा राहिलो."

"मग तिला काय सांगितलंत?"

"तुझं नाव घेतलं म्हणालो." त्यानं पुन्हा तोंड पुसलं. "खोटंच. ती रडली, बरं वाटलं म्हणाली. पाप झालं का हो?"

बरंच झालं, असं म्हणायचं चैत्राच्या अगदी ओठांवर आलं होतं. तसं म्हटलं की तो पुन्हा गप्प होईल, हे तिला दिसलं.

"मला माहीत नाही, काका," ती म्हणाली. मग तिनं सरळ विचारलं, "विहिरीचा विचार येतो का अजून?"

"येतो." त्यानं नजर चुकवली नाही. "पूर्वीइतका नाही. पण येतो."

तसा विचार आला की कुणाला उठवायचं, कुणाला फोन करायचा, हे त्यांनी दोघांनी बसून ठरवलं, आणि बाहेर बसलेल्या पार्वतव्वाला आत बोलावून तिलाही सांगितलं.

शुक्रवारी चैत्रानं मॅडमना विचारलं, "त्यांनी शमीमबीला खरं सांगावं का? तुम्ही काय सांगितलं असतंत?"

"तो तुझ्याकडं येतो, चैत्रा. मला काय सुचलं असतं, त्याचा त्याला काय उपयोग?" मॅडम म्हणाल्या. "तुला काय वाटतं, तिथून सुरुवात कर."

चैत्रा बोलत राहिली. तिला एक धड उत्तर सापडलं नाही, आणि मॅडमनी मध्येच पुरवलंही नाही.

वीरभद्रप्पा पुन्हा खांबावर चढला नाही. त्यानं स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. ईदला तो आणि पार्वतव्वा अण्णिगेरीला जाऊन आले. शमीमबीला खरं सांगायचं की नाही, यावर त्याचं आणि चैत्राचं बोलणं अजून चालू आहे.