सतरा नंबरचा सैंधव

मी सैंधव बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, कॉलेजातला. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत, लाकडी ट्रेमधला सतरा नंबर. शिकल्यासवरलेल्यांत राहिलोय, तेव्हा थोडा शिष्टपणा झाला तर चालवून घ्या.

माझा जन्म समुद्रात झाला. एक उथळ समुद्र जमिनीत अडकला, उन्हाने आटत गेला आणि तळाशी मी उरलो. कोट्यवधी वर्षं दगडांखाली अंधारात काढली. मग खाणीच्या सहलीला आलेल्या एका विद्यार्थिनीने मला उचलून रुमालात बांधलं. पुढे तीच इथे शिकवायला लागली. आमच्या मॅडम त्या.

किती छान दिवस होते ते! पहिल्या वर्षाची मुलं मला उजेडासमोर धरायची. गुलाबीसर रंग, काटकोनी कडा. ऐटच होती माझी. "चाटायचं नाही हं," असं सांगून मॅडम फळ्याकडे वळायचा अवकाश, चार जिभा पुढे आल्याच म्हणून समजा.

पण माझा खरा सांभाळ केला तो प्रयोगशाळेतल्या काकांनी. दर शनिवारी ते ट्रे काढायचे. बाकीच्या दगडांना आंघोळ, मला मात्र कोरडं फडकं. "तू आपला बिनपाण्याचाच बरा," म्हणायचे. अशी सव्वीस वर्षं गेली.

काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. एका शनिवारी नंबर दिसला नाही. सगळ्यांबरोबर मलाही टबात भिजत घालून ते चहाला गेले. परत येऊन पाण्यात हात घालतात तो काय, मी निम्मा!

मला तळहातावर घेऊन काकांनी कोरड्या फडक्याने टिपलं. दुसरा कुणी असता तर त्याने पाणी ओतून कानांवर हात ठेवले असते. काका सोमवारी सकाळी मॅडमच्या पुढ्यात उभे राहिले.

"मॅडम, घात झाला. इतकी वर्षं सांभाळलं आणि जाता जाता माती केली बघा."

मॅडमचे डोळे भरून आले. मग म्हणाल्या, "पाणी कुठंय?"

"टबातच आहे. ओतायला हात धजेना."

"अहो, मग तो गेलाय कुठे? आहे की इथेच!"

दोघांनी पाणी फडक्यातून गाळलं, पसरट ट्रेमध्ये ओतून उन्हाच्या खिडकीत ठेवलं. मुलं रोज डोकावायची. पाणी आटू लागलं. आधी काठाला पांढरी रेघ उमटली, मग तळाशी चिमुकले, काटकोनी खडे दिसू लागले. "समुद्र आटतो तो असाच," मॅडम म्हणाल्या, आणि एरवी या धड्याला जांभया देणारी मुलं ट्रेवर वाकून बघत राहिली. मला तर माझं बालपणच दिसत होतं.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी ते खडे एका बशीत घेतले, चिठ्ठी लावली आणि बशी काकांच्या हातात दिली.

"दिसत नाही हो. तुम्हीच वाचा."

मॅडमनी वाचलं, "नमुना सतरा-अ. मीठ. सापडल्याचं ठिकाण, ही खिडकी. गोळा करणारे, काका."

"चुकीलासुद्धा नंबर दिलात होय!" म्हणत काका हसले आणि हसता हसता रडले.

आता ते इथे नाहीत. मी गोलमटोल, अर्धामुर्धा झालोय. शेजारच्या बशीत सतरा-अ असतो. काका, तुमच्या हातून मी निम्मा झालो हे खरं, पण माझ्या घराण्यात पुढची पिढी आली तीही तुमच्याच हातून. आम्ही दोघं वाट बघतोय. एकदा येऊन जा.