एकाच दाराचा खोका

हॅलिफॅक्स गावाच्या टोकाला बेरिलच्या गॅरेजमध्ये टाकून दिलेले गिनीपिग सांभाळले जात. शनिवारी शेजारची मुलं यायची आणि बेरिल त्यांना शिकवायची. दोन नरांची गाठ घालून द्यायची तर जागा दोघांनाही परकी हवी, आधीचे वास जावेत म्हणून फरशी व्हिनेगरनं पुसलेली हवी, गवताचे ढीग दोन हवेत आणि लपायच्या जागेला दारंही दोन हवीत, म्हणजे कुणी आत कोंडला जात नाही.

"एकाच दाराचं घर?" ती विचारायची.

"कधीच नाही," मुलं एका सुरात म्हणायची.

नॉबी आला तो एकच दार असलेल्या लाकडी खोक्यासकट. त्याला कोळशाच्या कोठीत ठेवून माणसं विसरून गेली होती. त्या अंधारात खोक्याखेरीज त्याचं असं काहीच नव्हतं. आता तो भिंतीकडे तोंड करून बसे. त्यानं खाणं टाकलं होतं. बेरिल त्याला पिचकारीनं भरवत होती. सोबत मिळाली नाही तर हा जगायचा नाही, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

सोबतीला मोकळा नर होता तो एकच, मेजर. खच्चून भरलेल्या पेटीत वाढलेला, सख्ख्या भावाचा कान फाडलेला.

"खुन्याला सोबती नेमतेस," बेरिलची बहीण थेल्मा चहात बिस्किट बुडवत म्हणाली. "छान."

दोघांना फरशीवर सोडलं. मेजर घुरघुरत, ढुंगण हलवत नॉबीभोवती फिरला. त्याचे दात कडकडले.

"उचल ना आता, बाई."

"रक्त दिसल्याशिवाय नाही. मध्येच उचललं तर भांडण तसंच राहतं."

नॉबीनं मान खाली घातली. मेजरनं त्याला हुंगलं, कान चाटला आणि त्याला चिकटून आडवा झाला. थोड्या वेळानं नॉबीनं मेजरच्या तोंडातली पार्स्लीची काडी ओढली. मेजरनं ती ओढू दिली. किती दिवसांनी नॉबी आपणहून खात होता. बेरिलनं डोळे पुसले. मग ती उठली आणि तो खोका घेऊन आली.

"मुलांना काय शिकवतेस गं तू?" थेल्मानं विचारलं.

"अजून थरथरतोय बघ. जरा घरासारखं वाटेल त्याला. आणि मी आहे की मेजरवर नजर ठेवून."

नॉबी थेट आत शिरला. मेजर त्याच्यामागून गेला, मघासारखाच चिकटून झोपायला. आतून एकच किंकाळी आली. बेरिलनं टॉवेल टाकेपर्यंत मेजर मागे सरकत बाहेर आला होता. त्याच्या एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. दारात नॉबी दात कडकडवत उभा होता.

तो डोळा काढावा लागला. दोघांना पुन्हा एकत्र ठेवणं शक्य नव्हतं. नॉबी खोक्यासह वेगळ्या पिंजऱ्यात गेला आणि तिथे मजेत गवत चावू लागला. वजनही वाढलं. पलीकडून मेजर शिट्टीसारखे आवाज काढून त्याला बोलवायचा. नॉबी चावत राहायचा, वळूनही बघायचा नाही.

शेवटी शिट्ट्या थांबल्या. मेजर भिंतीकडे तोंड करून बसला. समोरची पार्स्ली सुकून गेली.

"पिचकारी धुऊन ठेवलीस ना परवा?" थेल्मा म्हणाली. "काढ परत."

बेरिलनं काढली.