सुवर्णमहोत्सवाचा बर्फ

हेल्मी राउतिओच्या कोटाच्या खिशात चार खुंट्या होत्या, आणि काही झालं तरी त्या बाहेर काढायच्या नाहीत, हे तिने दुपारी बारालाच ठरवून टाकलं होतं.

खुंटी म्हणजे काही फार मोठी वस्तू नव्हे. वीतभर रबर. आइस हॉकीत गोलाच्या दोन्ही जाळ्या बर्फावर नुसत्या टेकवलेल्या असतात. पायांखालच्या भोकांत खुंट्या ठोकल्या की मगच त्या जागच्या हलत नाहीत. टॅमरॅक या खाणींच्या गावातल्या मायनर्स क्लबात पहिल्या वर्षापासून रीत अशी, की खुंट्या ठोकायच्या त्या बर्फ बनवणाऱ्यानेच. त्याने ठोकल्या म्हणजे बर्फ तयार आहे, खेळा. तोंडाने कुणी काही विचारत नसे. पंचसुद्धा आधी खुंट्यांकडे बघायचे आणि मग घड्याळाकडे.

आज क्लबाला पन्नास वर्षं झाली होती. एरवी छपराखाली होणारा सामना त्यासाठी उघड्यावर आणला होता, कॉलेजच्या फुटबॉलच्या मैदानावर. तीन आठवडे हेल्मी आणि तिची माणसं तिथे पाण्याचे फवारे मारत होती. एक थर, तो गोठला की दुसरा. घाई केली की बर्फ ठिसूळ होतो, आणि हेल्मीने एकतीस वर्षांत कधी घाई केली नव्हती. एक वाजता सामना होता. अकरा हजार माणसं खिमा-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पॅस्टी खात बसली होती आणि टीव्हीच्या गाड्या फाटकापाशी घुरघुरत होत्या.

आणि आभाळात नावालाही ढग नव्हता.

"हेल्मी, एक ढग दिसतोय बघ," लुडी झुपान म्हणाला. तीस वर्षं तिच्या हाताखाली होता. त्याला अशा वेळीच विनोद सुचायचे.

"कुठे?"

"विस्कॉन्सिनात."

ती हसली नाही. ती मधल्या वर्तुळाकडे बघत होती. तीस फूट रुंदीचं, गडद निळं, त्यावर सोनेरी पन्नास, आणि कडेने पहिल्या वर्षीच्या संघातल्या एकोणीस जणांची नावं. छापील कापड बर्फाच्या आत, बोटभर खोल गोठवलेलं. वरून बघणाऱ्याला सुंदरच दिसणार. पण गडद रंग ऊन पितो. बर्फातून ऊन आत जातं, कापड तापतं आणि बर्फ खालून विरघळायला लागतो, वरची कातडी तशीच चकचकीत. दुधावरच्या सायीसारखी.

क्लेटन वॉस तिच्याकडे येत होता. नव्या मालकांनी या सोहळ्यासाठी त्याला शिकागोहून आणलं होतं. त्याच्या बुटांचे तळ असे गुळगुळीत, की बर्फावर उभं राहायला त्याला कुणाचा तरी खांदा लागायचा. आत्ता त्याने लुडीचा धरला.

"हेल्मी, खुंट्या? पाऊण वाजत आला."

"वॉससाहेब, बर्फ तयार नाही."

"काय म्हणता! आरसा आहे आरसा."

"आरशाखाली पाणी आहे." तिने चाकू काढला, वर्तुळाच्या कडेला उकिडवी बसली आणि निळ्यात खुपसला. पातं अर्धं आत गेलं. भोकातून निळसर पाणी बुडबुडत वर आलं.

"एवढंसं तर आहे."

"तीस फूट आहे. बरोबर मधोमध. पंच खेळाची चकती पहिल्यांदा टाकणार ती इथे, आणि दोनशे पौंडांची दोन माणसं एकमेकांवर धडकणार तीही इथे. स्केटचं पातं रुतलं की गुडघा मागे राहतो आणि माणूस पुढे जातो. बघितलंय मी. आवाजसुद्धा ऐकलाय."

"तुम्ही जरा जास्तच भीती घालता."

"तुम्ही जरा वाकून बघा."

तो वाकला नाही. पँट भिजली असती.

"बरं," तो लुडीकडे वळला, "तुम्ही ठोका खुंट्या."

"माझा खांदा दुखतोय साहेब."

"कधीपासून?"

"तुम्ही धरल्यापासून."

वॉसचं हसू मावळलं. तो लटपटत जुन्या खेळाडूंच्या तंबूकडे निघून गेला. तंबूत कोण बसलंय हे हेल्मीला माहीत होतं, आणि वॉस तिकडे कशाला गेला हेही. तिच्या कानशिलांत रक्त उसळलं. या माणसाचा गळा धरावा असं तिला वाटलं, आणि आपल्या हातात मोजे आहेत याचं वाईट वाटलं.

त्याच्यावर तिचा राग तीन हिस्से होता. चौथा हिस्सा तिचा स्वतःवर होता, आणि तोच जास्त जाळत होता.

ऑक्टोबरातच तिने सांगून ठेवलं होतं: पातळ रेघा, फिका रंग, बस्स. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. गुरुवारी ती बापाच्या कानाचं नवं यंत्र आणायला दोन तास गेली आणि परत येते तर हे काळंनिळं घोंगडं अंथरलेलं. ती अशी ओरडली की लुडीच्या हातातली नळी पडली. तिने कापडाचं टोक धरलं, आता ओढणार, तेवढ्यात मागून बाप आला.

उर्हो राउतिओ. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. पहिल्या संघाचा चार नंबर. घरात सगळे फिनिश बोलायचे, त्यामुळे त्याला ती 'इसा' म्हणायची. त्याच्या वेळी खेळाडूंच्या पाठीवर नावं नसायची, नुसते आकडे. क्लबाच्या भिंतीवर फोटो लागले ते कप्तानांचे. उर्होने चौदा मोसम अंगावर चकत्या झेलल्या, सात दात दिले, मधल्या वेळात खाणीत राबला आणि तिथे एक करंगळी दिली. त्याचं नाव टॅमरॅकमध्ये फक्त पत्रपेटीवर होतं. त्या दिवशी तो काठी टेकत नावं वाचत पुढे सरकला आणि एका जागी थांबला. मोजा काढला. उघडा तळवा कापडावर ठेवला.

"बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाला.

हेल्मीने टोक सोडलं. शनिवारी ढग येणार असं हवामानवाले सांगत होते. तिने त्या ढगांवर भरवसा ठेवला, नळी उचलली आणि स्वतःच्या हाताने त्यावर पाणी मारलं.

हेल्मी आता मैदानाकडेच्या फळ्यांबाहेर येऊन उभी होती, आणि स्टँडमधून घोष सुरू झाला होता. घड्याळात एक वाजला तरी जाळ्या मोकळ्याच, हे टॅमरॅकच्या माणसांना लांबूनही कळतं. "खुं-ट्या! खुं-ट्या!" अकरा हजार माणसं पाय आपटत होती. आधी गमतीने, मग चिडून. "म्हातारे, झोपलीस का?" कुणीतरी ओरडलं. ती चौपन्न वर्षांची होती.

तंबूचा पडदा बाजूला झाला आणि उर्हो बाहेर आला. नवा निळा सदरा, पायात स्केट्स, हातात काठी. मागे वॉस, चेहऱ्यावर सहानुभूती घेऊन. पहिल्या संघातले पाच जण उरले होते. सामन्याआधी पाचही जणांनी मैदानाला एक फेरी मारायची आणि मधल्या वर्तुळात आपापल्या नावावर उभं राहायचं, असा कार्यक्रम होता. उर्हो साडेदहापासून स्केट्स चढवून बसला होता.

"काय ऐकतोय मी? हा म्हणतो, माझी मुलगी मला उतरू देत नाहीये."

"इसा, मधलं वर्तुळ गेलंय."

"गेलंय म्हणजे? मी तळ्यावर खेळलोय. एप्रिलमध्ये. घोट्याएवढ्या पाण्यात."

"तेव्हा तू वीस वर्षांचा होतास."

"आणि आता काय मेलोय? पाय सुजलेत माझे यात. पुढच्या वर्षी आम्ही पाच असणार नाही, हे तुला कळतं ना? दे त्या खुंट्या." चार बोटांचा तळवा तिच्यासमोर आला.

"नाही देत."

"बापाला नाही म्हणतेस? सगळ्या गावादेखत?"

"बर्फ नाही म्हणतोय. मी नुसता निरोप सांगतेय."

त्याने तिला खांद्याने बाजूला सारलं, फळ्यांतलं दार ढकललं आणि बर्फावर उतरला. स्टँड गरजला. जमिनीवर काठीवाचून न चालणारा माणूस बर्फावर पोहणाऱ्या बदकासारखा निघाला. हेल्मी मागून ओरडत होती, पण त्या गोंगाटात तिला तिचाच आवाज ऐकू येत नव्हता.

वर्तुळाच्या अलीकडे तो थांबला. काठी उलटी केली आणि मूठ बर्फावर आपटली. एक पाऊल पुढे, पुन्हा आपटली. मग हात लांब करून निळ्यावर.

अकरा हजार माणसांना काही ऐकू आलं नसेल. हेल्मीला इतक्या लांबूनही त्याच्या पाठीवरून कळलं. बाहेर टण् वाजलं आणि आत थप्. ती सात वर्षांची असताना घरामागच्या तळ्यावर पाय ठेवण्याआधी त्यानेच तिला हे शिकवलं होतं: आधी ठोक, ऐक, मग उतर. त्याने निळ्यावर पुन्हा आपटली. थप्.

तो सावकाश परत आला आणि दाराशी वॉससमोर थांबला.

"हा रंग कुणी घातला?"

"म्हणजे, तो रचनेचा भाग होता, आमच्या लोकांनी..."

"रंग यांनी घातला," हेल्मी म्हणाली. "पाणी मी मारलं. मला माहीत होतं, इसा. गुरुवारी टोक माझ्या हातात होतं. मी सोडलं."

"का?"

"तुझं नाव होतं त्यात."

उर्हो बोलला तो हळूच, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "नावासाठी? माझ्या नावासाठी कुणाचा तरी मुलगा पाय मोडून घेणार होता? एवढी वर्षं बर्फ शिकवला तुला. हे शिकलीस?"

"हो, हेच शिकले!" तिचा आवाज फाटला. वॉस दोन पावलं मागे सरकला आणि जवळजवळ पडलाच. "चौदा मोसम तू यांच्यासाठी हाडं मोडून घेतलीस आणि यांना पन्नास वर्षांत तुझं नाव लिहायला चार बोटं जागा सापडली नाही! सापडली ती अशी, की आता मीच खरवडून काढू! तुला राग आलाय? मला गुरुवारपासून आलाय! तुझ्या त्या हाताचा आलाय, कापडावर ठेवलास त्याचा. कशाला ठेवलास?"

लुडीने नाक शिंकरलं.

ती वॉसकडे वळली. "साडेचारला ऊन त्या स्टँडमागे जातं. तोवर आम्ही हे काढतो आणि भरतो. पाचला सामना. नाहीतर नाही."

"पाचला टीव्ही नाही! त्यांचा दुसरा कार्यक्रम आहे."

"मग टीव्ही नाही."

"हेल्मी, सोमवारी तुम्हाला काम नाही, कळतंय का?"

"सोमवारचं सोमवारी बघू. लुडी, करवत."

लुडीचा खांदा एकदम बरा झाला. घोषणा झाली तेव्हा स्टँडमधून जी हुर्यो उठली तिच्याबरोबर अर्धी खाल्लेली एक पॅस्टीही आली आणि हेल्मीच्या पाठीवर फुटली. तिने मागे वळून बघितलं नाही. आठ माणसांनी करवतींनी, कुदळींनी वर्तुळ फोडायला घेतलं. बर्फाचे निळे तुकडे, त्यांना चिकटलेलं ओलं कापड, सगळं ढकलगाडीत. ती गुडघ्यांवर बसून कडेची नावं सोडवत होती. स्क्राबा. मॅकी. पेलुसो. मग राउतिओ आलं आणि तिची कुदळ वरच राहिली.

"थांबलीस कशाला?" मागून उर्हो म्हणाला. त्याने स्केट्स काढले नव्हते. हातात सपाट फावडं होतं.

"थांबले नाही."

"थांबलीस. सरक."

त्याने फावडं खाली घातलं, तीन घावांत आपलं नाव उचकटलं आणि गाडीत टाकलं. पुढच्या नावाला लागला. दोघं शेजारी शेजारी तासभर राबली आणि एक शब्द बोलली नाहीत. आधी राग होता म्हणून, आणि मग श्वास पुरेना म्हणून.

खड्ड्यात बर्फाचा चुरा ठासला, वर पाणी, पुन्हा चुरा, पुन्हा पाणी, बारीक फवारा. चार वाजता टीव्हीच्या गाड्या गेल्या. साडेचारला स्टँडची सावली ठिगळावर आली आणि ते पांढरं, आंधळं, कुरूप ठिगळ घट्ट धरायला लागलं. अर्धे लोक घरी गेले होते. उरलेले गार पडलेल्या पॅस्टी खात, शिव्या देत बसले होते, पण बसले होते.

पाचला पाच मिनिटं असताना हेल्मीने बापाची काठी उलटी करून ठिगळभर ठोकून बघितली. टण्. टण्. टण्. मग खिशातून खुंट्या काढल्या आणि चारही ठोकल्या. बोटं इतकी बधिर झाली होती की हातोडी एकदा अंगठ्यावर बसली आणि कळलंही नाही. टाळ्या वाजल्या, पण थोड्या. तिला त्या नको होत्या.

पाच म्हातारे निघाले. चौघं एकमेकांचे दंड धरून, उर्हो एकटा, सगळ्यात मागे. ठिगळ आलं तेव्हा त्याने न थांबता काठीची मूठ त्यावर एकदा आपटली आणि पुढे गेला. तिच्यासमोरून गेला, बघितलं नाही. फेरी पुरी करून तो दाराशी आला आणि फळी धरून धापा टाकत उभा राहिला. मिशीवर बर्फ जमला होता. ती वाट बघत होती.

"डावीकडचा कोपरा खडबडीत आहे," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"मग इथे काय उभी राहिलीस? पोरं येतील आता."

तिला इतका राग आला, की शेजारची पाण्याची बादली त्याच्या डोक्यावर उपडी करावी. पण कोपरा खरंच खडबडीत होता. तिने बादली उचलली आणि निघाली.