सदाफ एफएम आणि उतू गेलेलं दूध

सदाफ एफएमचा इतिहास म्हणजे आपलाच इतिहास, असं निदान अन्सारचं मत होतं. बहरीनमधलं हे स्टेशन आधी हिंदी गाणी लावायचं, मग काही वर्षं हाताला लागेल ते. पुढे एक सल्लागार आला आणि स्टेशन ‘अर्बन अडल्ट कंटेम्पररी’ झालं, म्हणजे संसारी माणसांनी गाडी चालवताना ऐकायची संथ इंग्रजी प्रेमगीतं. त्या दिवसापासून दापोलीचा अन्सार माइकवर ‘अँडी’ झाला आणि दोन गाण्यांच्या मधे घोगऱ्या आवाजात इंग्रजीतून प्रेमावर बोलू लागला. बायकोला, नुसरतला, त्याने ‘अडल्ट’चा अर्थ समजावला तेव्हा तिने त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं होतं.

यंदा फारुख नावाचा नवा मॅनेजर आला. लोकांना गाणी हवीत, बडबड नको, आणि कॉम्प्युटर लीव्ह मागत नाही, असं तो म्हणायचा. अन्सारचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि व्हिसा त्यालाच बांधलेला. बघून सांगतो, एवढंच फारुख म्हणाला.

तेवढ्यात तीन दिवसांचा सरकारी दुखवटा जाहीर झाला. अशा वेळी रेडिओवर कुणी बोलायचं नाही, नुसतं वाद्यसंगीत लावायचं. अन्सारने चेहरा पाडला खरा, पण आतून गडी खूश होता. आता कळेल लोकांना आपली किंमत, म्हणून तो स्वतःच फोनपाशी जाऊन बसला.

फोन आले की. मुहर्रकच्या विमानतळावरून तुकाराम नावाच्या टॅक्सीवाल्याने विचारलं, हे असंच कायम ठेवता येणार नाही का? सखीरच्या विद्यापीठातले एक प्राध्यापक म्हणाले, आज प्रथमच घरी पोचेपर्यंत स्टेशन बदललं नाही. अन्सारने सगळ्यांचे आभार मानले. आपल्या नसण्याला एवढे चाहते असतील, याची त्याला कल्पना नव्हती. रात्री त्याने गुपचूप कपाटावरच्या बॅगा मोजल्या.

दुखवटा संपला तशी फारुखने त्याला बोलावलं. एकच तक्रार आली होती, ऑफिसच्या फोनवर रेकॉर्ड झालेली. ती त्याने ऐकवली.

“वो बडबड करनेवाला किधर गया?” एक बाई तावातावाने विचारत होती. “वो चालू होता है तो मैं दूध रखती, चुप होता है तो गॅस बंद करती. तीन दिन से दूध उतू जा रहा है.”

अन्सारचे कान तापले. वर्षानुवर्षं सगळ्या बेटाला प्रेम शिकवलं त्याने, आणि ऐकणारी सापडली ती स्वतःच्याच स्वयंपाकघरात. बरं, तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने एसीला नावं ठेवली.

फारुख मात्र भलताच खूश होता. अशी एक बाई फोन करते, तेव्हा तशा शंभर घरी बसलेल्या असतात, असा त्याचा हिशेब. एक वर्ष वाढवून दिलं त्याने. ही बाई कोण, माहीत आहे का, असं विचारल्यावर अन्सार म्हणाला, असेल कुणीतरी तिकडची, रिफा गावची.

त्या संध्याकाळी अँडी प्रेमावर जो सुटला, तो थांबेचना. घरी आला तर नुसरत शेगडी घासत होती. फोनचा विषय तिनेही काढला नाही आणि त्यानेही.

“तुमी आज गपच बसत नव्हतात,” ती म्हणाली.

अन्सारने मुकाट्याने फडकं उचललं.