मुलगी डॉक्टर नसल्याचा दाखला

साल एकोणीसशे शहाण्णव. परदेशातली पत्रं तेव्हा पोस्टमनच आणून देत असे, आणि निवृत्त पोस्टमास्तरांना पाकिटाच्या वजनावरून आतला मजकूर कळत असे. त्या दिवशी मुलीच्या नावचं पाकीट हलकं लागलं. हलकं म्हणजे नकार, नाहीतर खोळंबा.

मुलगी बायोमेडिकल सायन्सची पदवीधर. तीन वर्षं ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली धरून पेशी मोजत होती. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली होती. तिथल्या परवाना देणाऱ्या मंडळाकडे नोंदणी व्हायची तेवढी बाकी होती. पण पदवीचं हे लांबलचक नाव पोस्टमास्तरांच्या तोंडात मावेना, म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी शेजारीपाजारी तिला डॉक्टर करून टाकलं होतं. ती म्हणे, मी रोग्याला बघतसुद्धा नाही, त्याचं रक्त बघते. ते म्हणत, रक्त रोग्याचंच ना?

मंडळाचं उत्तर लांबलं, तसा त्यांना धीर धरवेना. उभी हयात सरकारी खात्यात गेलेली; तिथे एकट्याच्या अर्जाला कुत्रं विचारत नाही, चाळीस सह्या पडल्या की फाईल हलते. मुलगी कामावर गेलेली पाहून त्यांनी निवेदन लिहिलं, की आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी या कुशल डॉक्टर मुलीच्या हाताला असलेल्या गुणाचे साक्षीदार आहोत. पहिली सही तळमजल्यावरच्या शिंप्याची. त्यानं आपणहून पुढे जोडलं, ‘हिच्या गोळीनं माझा गुडघा बरा झाला.’ चाळीस सह्या भरल्या आणि निवेदन रजिस्टर पोस्टानं मंडळाकडे रवाना झालं.

हलक्या पाकिटात त्याचंच उत्तर होतं. अर्जदार परवान्याशिवाय उपचार करते, असं चाळीस जण लेखी सांगतात. तेव्हा त्याच चाळीस जणांचा खुलासा महिन्याच्या आत आला नाही, तर अर्ज रद्द.

‘‘हात दाखवून अवलक्षण,’’ बायको एवढंच म्हणाली. मुलीनं पत्र पाकिटात परत घातलं आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं, ते त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते नवा कागद घेऊन शिंप्याकडे गेले. रहिवाशांचा गैरसमज झाला होता, असं त्यात वळणदार अक्षरात लिहिलं होतं. शिंप्यानं मशीन थांबवून तो दोनदा वाचला.

‘‘गोळी कुणी दिली होती, मास्तर?’’

‘‘मीच. तिच्या नावानं.’’

‘‘आणि मी तिला जिन्यात गाठून नाडी दाखवायचो, तेव्हा ती का नाही बोलली?’’

‘‘बोलायची. मी बोलू देत नव्हतो.’’

‘‘मग गैरसमज आमचा कसा? तुम्ही खोटं सांगितलंत. तसं लिहा, लगेच सही करतो. आणि ती करते काय, तेही लिहा. पुन्हा आमची फजिती नको.’’

ती करते काय, हे पोस्टमास्तरांना सांगता येईना. मान खाली घालून ते घरी आले आणि पहिल्यांदाच मुलीला विचारलं. तिनं त्याच पाकिटाच्या पाठीवर गोल काढले. हे तांबडे, हे पांढरे. पांढरे असे वेडेवाकडे दिसले, की मी डॉक्टरांना फोन करते, औषध ते देतात. तो फोन चुकला तर माणूस हातचा जातो.

त्यांनी कागद नव्यानं लिहिला. पहिलंच वाक्य होतं: ‘माझी मुलगी डॉक्टर नाही, मी लोकांना खोटं सांगितलं.’ मग चाळीस दारं. कुणी टोमणा मारला, कुणी हसून सही केली, एका बाईंनी दाराआडूनच, ‘‘आता तरी खरी पदवी सांगा,’’ म्हणून ऐकवलं. त्यांनी सांगितली, अडखळत का होईना, पण पुरती. विसाव्या दारापासून तर कुणी न विचारताच ते पेशी समजावू लागले, तेव्हा लोक सही करून घाईनं दार लावून घेऊ लागले.

नोंदणी झाली. मुलगी गेली ती सत्तावीस वर्षं तिथल्या रक्तविभागात राहिली, शेवटी त्याची प्रमुख झाली. बायको दोनदा जाऊन आली. प्रयोगशाळा स्वच्छ आहे, पण बसायला धड खुर्ची नाही, असं तिचं मत पडलं. पोस्टमास्तर दोन हजार नऊ साली गेले. शिंप्याचा गुडघा पुढे पुन्हा धरला. गोळी मुलीचीच होती आणि मास्तरांनी भिऊन स्वतःचं नाव पुढे केलं, असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला.