वरच्या खोलीतला रेडिएटर

व्हर्ना कांगासच्या घरातली वरच्या मजल्यावरची मागची खोली शुक्रवारी दुपारी दोन वाजता अडुसष्ट अंश फॅरनहाइटवर असायला हवी होती. मंगळवारी सकाळी ती एकावन्नवर होती.

अट काउंटीच्या बालकल्याण खात्याची. व्हर्नाच्या दिवंगत नवऱ्याच्या भाचीला उपचारांसाठी वर्षभर बाहेर राहावं लागणार होतं. तिच्या दोन मुली, सात वर्षांची ब्रिन आणि चार वर्षांची टेसा, तोवर कुणाकडे तरी ठेवायच्या होत्या. मी सांभाळते, असं व्हर्नाने त्याच दिवशी कळवलं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. लहान मुलांचं तिला भय नव्हतं. खात्याच्या बाई येऊन घर पाहून गेल्या. सगळं पसंत पडलं, फक्त मुलींसाठी ठरवलेल्या खोलीतला, गरम पाण्याने खोली तापवणारा लोखंडी रेडिएटर त्यांच्या हाताला गार लागला. विजेचा सुटा हीटर मुलांच्या खोलीत चालणार नाही, हेही त्यांनी लिहून दिलं. शुक्रवारपर्यंत खोली तापली नाही तर मुली लॅन्सिंगजवळच्या एका कुटुंबाकडे जाणार होत्या. व्हर्नाच्या ऑस्टर हिलपासून ते गाव आठ तासांवर.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. एकदा बर्फ पडून विरघळलाही होता.

व्हर्नाचा धाकटा भाऊ वेन चार दिवस रेडिएटरमधली हवा सोडायची छोटी किल्ली घेऊन जिना चढउतर करत होता. रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवण्यात त्याची उमर गेली. कुठलंही यंत्र आपलं ऐकतं असा त्याचा समज होता. ‘हवा अडकलीय,’ असं तो शनिवारी म्हणाला. त्याने वरच्या तिन्ही रेडिएटरांची हवा काढली. हवा नव्हतीच, पहिल्या फिरकीला पाणी आलं. मंगळवारी त्याने मत बदललं.

“पाइप गंजाने भरलेत, अक्का. सगळे नवे घालावे लागतील.”

“शुक्रवारच्या आत?”

व्हर्नाने नॉरीन स्टिमॅकला फोन लावला.

ऑक्टोबरात नॉरीन मिळणं कठीण. आजोबा, वडील आणि मग ती, तीन पिढ्या गावाच्या तळघरांतले बॉयलर हिवाळ्याआधी तपासून देत आल्या. बुधवारी सकाळी सात वाजता ती आली. हत्यारांची पेटी तिने जिन्याखाली ठेवली आणि उघडली नाही. तळघरात एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली आणि छताखालून जाणाऱ्या पाइपांकडे पाहत राहिली. तिची ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी कुठून निघतं आणि कुठून परततं हे डोळ्यांनी फिरून झाल्याशिवाय ती पान्याला हात लावत नाही. मधूनच उठायची, खडूने पाइपावर बाण काढायची, पुन्हा बसायची.

“काम कधी सुरू करायचं? का आधी न्याहारी?” वेनने विचारलं.

“सुरू झालंय. तू गप्प बसलास तर संपेलही.”

वीस मिनिटांनी ती बॉयलरपाशी गेली.

“हा पंप कुणी बसवला?”

“मी. दोन वर्षं झाली. त्याआधी पाणी कसलं सुस्त फिरायचं.”

“सुस्त नव्हतं रे ते. स्वतःच्या पायांनी जिना चढायचं. त्या दोन वर्षांत वर झोपलं कोण?”

“कुणीच नाही,” व्हर्ना म्हणाली. “मुलं मोठी होऊन बाहेर गेल्यापासून मी खालीच झोपते. वरची दारं बंदच होती.”

नॉरीनने मान हलवली. खालच्या मजल्यावरचे पाचही रेडिएटर तिने एकेक करून बंद केले. मग तिघं वरच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर ओळीने बसली. नॉरीनने हाताची मागची बाजू रेडिएटरला लावून ठेवली. तळहाताला कष्टाने घट्टे पडलेले, त्याला फरक कळत नाही, असं ती सांगते. चाळीस मिनिटांनी लोखंडाचा वरचा कोपरा कोमट झाला. तासाभराने तो चांगला तापला.

“पाइप मोकळे आहेत,” ती म्हणाली. “भरलेले असते तर खालचे बंद करूनही इथे काही आलं नसतं. पाण्याला खाली सोपी वाट मिळतेय, म्हणून ते वर येत नाही.”

मग तिने कारण सांगितलं. घर बांधलं तेव्हा पंप नव्हता. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर जायचं, आणि इतकं जायचं की खालचे लोक गारठायचे. म्हणून जुने कारागीर वरच्या रेडिएटरांच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवायचे, मधे लहानसं भोक ठेवून. तिच्या आजोबांनी अशा चकत्या गावभर बसवल्या होत्या. आता पंप पाणी ढकलतो, ते खालच्या रुंद तोंडांतून निघून जातं. वरची तोंडं अजून चिमटलेलीच आहेत.

वेन पलंगावरून उठला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“म्हणजे शुक्रवारी खालचे बंद ठेवले की झालं,” तो म्हणाला. “बाई येतील, मोजतील, जातील.”

“आणि जानेवारीत स्वयंपाकघरात गोठून बसायचं?” नॉरीन म्हणाली. “उणे वीसला त्याच्या बाहेरच्या भिंतीतला पाइपही फुटेल.”

“तेव्हाचं तेव्हा बघू.”

“मुली शुक्रवारपुरत्या येणार नाहीत, वेन,” व्हर्ना म्हणाली. तिने नॉरीनकडे पाहिलं. “चकती निघेल?”

“निघेल. पण व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडणारा हा नट शंभर वर्षांत कुणी फिरवलेला नाही. फिरवताना व्हॉल्व्हचं तोंड तडकलं तर या मापाचं दुसरं मिळायला दहा दिवस. तोवर ही खोली गारच. तू सांगशील तसं.”

व्हर्नाने खोलीभर नजर फिरवली. दोन पलंग तिने आधीच मांडले होते.

“काढ,” ती म्हणाली.

बॉयलर बंद झाला. वरच्या मजल्यापुरतं पाणी उतरवून घेतलं. ते काळंकुट्ट होतं आणि त्याला जुन्या नाण्यांचा वास येत होता. नॉरीन गुडघ्यांवर बसली. पाना तिने बाजूलाच ठेवला. दोन हातोड्या घेतल्या, एक नटाच्या मागे टेकवली आणि दुसरीने समोरून हलके ठोके द्यायला लागली. चार ठोके, मग नटाचा पुढचा पैलू, पुन्हा चार. आवाज सुरुवातीला बद्द होता. पाऊण तास ती एकाच लयीत ठोकत राहिली. घाई नाही, रागही नाही. आवाज खणखणीत झाला तेव्हा तिने हातोड्या ठेवल्या, पाना लावला आणि अंगाचा भार हळूहळू दिला.

नट किंचित फिरला. पुन्हा फिरला. तोंड शाबूत होतं.

आत चकती होती, मधलं भोक पेन्सिल जाईल एवढं. नॉरीनने ती पुसून वेनच्या हातात दिली.

“आजोबांचं काम. बघ, काठ कसा सारखा कापलाय.”

वेनने ती उजेडाकडे धरली. “मला काय ठाऊक असणार,” तो पुटपुटला.

“कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून आधी बादलीवर बसायचं.”

उरलेल्या दोन चकत्याही दुपारपर्यंत निघाल्या. संध्याकाळी पाणी भरलं. हवा काढताना नॉरीनने वेनला खालच्या मजल्यापासून सुरुवात करायला लावली. गेले चार दिवस तो वरूनच सुरुवात करत होता. प्रत्येक रेडिएटरपाशी पाण्याची सलग धार आल्याशिवाय तिने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. नंतर तिने खालचे व्हॉल्व्ह थोडे थोडे आवळले आणि दर वेळी वर जाऊन हात लावून पाहिला. सहा खेपा झाल्या. जेवायला व्हर्नाने मांस-बटाटे भरलेल्या पॅस्ट्या गरम केल्या होत्या, त्या नॉरीनने जिन्यात उभ्यानेच खाल्ल्या.

“बस तरी,” व्हर्ना म्हणाली.

“बसले तर उठणार नाही मी आता.”

शुक्रवारी बाहेर एकोणतीस अंश होते, गोठणबिंदूच्या खाली, आणि वारा तलावावरून येत होता. खात्याच्या बाईंनी थर्मामीटर पलंगाच्या उंचीला ठेवला, खालच्या खोल्यांत जाऊन प्रत्येक रेडिएटर चालू आहे ना हे तपासलं आणि अर्ध्या तासाने वर आल्या. पारा सत्तरवर होता. त्यांनी कोट काढला, आकडा लिहिला आणि जिन्याच्या कठड्याबद्दल दोन प्रश्न विचारले. मुली सोमवारी येतील, असं सांगून त्या गेल्या.

व्हर्नाने नॉरीनला फोन केला. ती दुसऱ्या कुणाच्या तळघरात होती. मागे बर्नरचा आवाज येत होता.

“सत्तर,” व्हर्ना म्हणाली.

“रेडिएटर खालूनही गरम आहे का, का नुसता वरूनच?”

व्हर्ना फोन घेऊन जिना चढली. हाताची मागची बाजू लोखंडाला लावून तिने वरपासून खालपर्यंत फिरवली.

“सगळीकडे सारखा आहे.”

“मग पाणी नीट फिरतंय. झालं तर,” नॉरीन म्हणाली आणि कामाला लागली.