उकळलेलं पाणी

भेंडीची पानं कडेनं करपली, तशी राघोनं खतवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायला घेतल्या. "भेसल हाय खतात. आज रिपोट भेटंल. चार मानसांसमोर त्याच्या दुकानात नाचवतो का न्हाय बग."

"आदी नातवाकडं बगा," ठकुबाई नवऱ्यावर करवादली. "व्हट कसं जांभलं दिसतान."

लेक मेघाली बाळंतपणाला आली होती. बाळ दोन महिन्यांचं, अंगावर दूध नाही, म्हणून डब्यातली पावडर. "थंडीनं झालं आसंल," म्हणून राघो निघालासुद्धा. माणूस वाईट नाही हो, पण एक गोष्ट डोक्यात शिरली की दुसरीला जागाच नाही.

चार दिवसांपूर्वी तो भिवंडीच्या प्रयोगशाळेत खत देऊन आला होता. तिथल्या मृणालीनं विहिरीचं पाणीही मागवून घेतलं, तेव्हा राघोला हसू आलं होतं. अख्ख्या दिघाशी गावात त्याच्या विहिरीसारखं गोड पाणी नव्हतं.

"काका, खत चोख आहे," आज मृणाली म्हणाली. "नत्र, स्फुरद, पालाश, गोणीवर छापलंय तेवढंच." राघोचं तोंड उतरलं. "पाणी वाईट आहे. नायट्रेट, म्हणजे विरघळलेलं नत्र, पंचेचाळीसच्या आत हवं, यात दोनशे दहा निघालं. खत कुठं भिजवता?"

"विहिरीला लागून हौद हाय, त्यात. मोटर सोडली का खत आपसूक भेंडीला. गावात येवडी अक्कल कोनी लावली न्हाय."

"हौदाला तडा आहे का?"

होता. पाणी रोज वीतभर उतरायचं, आणि दरसाल भात झोडून झाला की लिंपू म्हणत राघोनं दहा वर्षं काढली होती. ते पाणी जातं कुठं, हे त्यानं कधी मनावरच घेतलं नाही.

"म्हणजे खत विहिरीत उतरतंय. भेंडी त्यानंच करपली. हे पिता का तुम्ही? लहान बाळाला तर थेंबही नको. ओठ निळे पडतात, जीव जातो."

"उकलवून देतो आमी," राघो कसाबसा बोलला.

"उकळून नायट्रेट जात नाही, काका. पाणी आटतं, तसं ते वाढतं."

 राघोनं तिथूनच घरी फोन लावला. "ठकू, बाटली काड त्याच्या तोंडातली."

"आताच पाजली वो," ठकुबाई रडत होती. "पोर कालंनिलं पडलंय, डोलं उगडत न्हाय. रिक्षा बोलवलीय, भिवंडीच्या दवाखान्यात आनतो."

राघो धावतच दवाखान्यात पोचला. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि लगेच इंजेक्शन भरलं. संध्याकाळी ओठांवर जरा लाली आली. "दोन दिवस काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"बाबा, पान्यात काय व्हतं?" मेघालीनं विचारलं.

खतवाल्याचं नाव राघोच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. "खत. माजंच. हौदातून झिरपलं."

 मेघाली बाळाच्या तळपायावर हात ठेवून म्हणाली, "मी येक दिवस चुकले न्हाय, बाबा. दर टायमाला वीस मिन्टं पानी उकलवलं. त्यामुलंच तगला ना तो?"

राघोनं मान खाली घातली.

"व्हय पोरी," तो म्हणाला, "त्यामुलंच."